अलीकडे काय वाचलंत, काय पाहिलंत, आणि त्यातलं ताटात काय आलं?

वाळवण:

पुस्तकांबद्दल आपण एकीकडे बोलतो, मालिका-सिनेमांबद्दल दुसरीकडे आणि पाककृती तिसरीकडेच टाकतो. मला हे तिन्ही एका ठिकाणी हवं आहे. गेल्या काही महिन्यांत खाण्याजेवणाबद्दल असं काय वाचलंत किंवा पाहिलंत, की ते संपल्यावर उठून स्वयंपाकघरात गेलात? बाजारात कधी न घेतलेली जुडी उचललीत? निदान रोजच्या आमटीबद्दल काही नवं सुचलं? "फार छान आहे, नक्की बघा" एवढ्यावर थांबू नका. त्यातलं तुमच्या ताटात काय आलं ते सांगा. माझ्या मते पुस्तकाची खरी शिफारस तीच.

माझं पुस्तक शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'. मराठीत २०१५ साली आलं, २०२४ मध्ये इंग्रजीत गेलं आणि त्यानंतर त्याच्याबद्दल पुन्हा बोललं जाऊ लागलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं हा विषय. आठवणी, पाककृती आणि परखड प्रश्न एकमेकांत विणलेले आहेत. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. रक्ताची रक्ती. तेल, तूप, दूध पाककृतींत जवळजवळ नाहीच, कारण ते घरातच नसायचं. त्यामुळे चव आणायची ती आगीनं, वाळवणानं, लसूण-मिरचीनं आणि रानातून जे मिळेल त्यानं. वाचताना सारखं जाणवतं की ही हाताशी असलेल्या मोजक्या वस्तू नेमकेपणानं वापरणाऱ्यांची पाककला आहे, आणि ती लिहून ठेवायला कुणी आलं नाही.

माझ्या फडताळात 'महाराष्ट्रीय पाककृती' या नावाखाली येणारी बरीच पुस्तकं आहेत. हे वाचून झाल्यावर ती सगळी पुन्हा चाळली. चान्या एकातही नाहीत. भाजलेल्या धान्य-मसाल्यांचा येसूरसुद्धा एखाद्याच पुस्तकात, तोही ओझरता.

तर ताटात आला तो येसूर. थोडी बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजली. सुकं खोबरं, धने, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुक्या मिरच्या हेही भाजून सगळं एकत्र दळलं. ही माझी आजमावलेली यादी. घरोघरी ती वेगळी असते. गरम पाण्यात कालवून लसणावर ओतायचं आणि उकळू द्यायचं. धान्याच्या पिठामुळे रस्सा आपोआप दाट होतो, वाटण लागत नाही. भाकरी कुस्करून खाल्ली. घरातल्या सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

आता तुमची पाळी.


कासव:

ताई, हे पुस्तक लगेच यादीत. दगडफूल नक्की काय असतं? मसाल्यात सगळे घालतात, पण झाड कुणी दाखवत नाही.


वाळवण:

कासव, त्याला झाड नसतंच रे. ते शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात ती वस्ती. खडकांवर, झाडांच्या सालीवर वाढतं. कच्चं हुंगलं तर फारसं काही हाती लागत नाही. थोड्याशा गरम तेलात टाकलं की मातकट-धुरकट वास उठतो. गोडा मसाला आणि काळा मसाला या दोघांचाही पाया तोच. कमी घाल, जास्त झालं की कडवटपणा येतो.


पऱ्हाटी:

वाळवणताई, धागा फार आवडला. मी खानदेशातला, त्यामुळे आमच्याकडचंच सांगतो. पण सुरुवात नऊशे वर्षं मागून.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. त्यानं ११३०च्या आसपास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय काय उपभोगावं याचा तो मोठा कोश आहे, आणि त्यातला अन्नभोगाचा भाग म्हणजे खाण्याची खाण. इडरिका आहे, धोसक आहे, दह्याची शिखरिणी आहे. शेतातले उंदीर भाजून खाण्याची कृतीही आहे. राजाच्या ताटात! ज्यांना वाटतं की आपल्या पूर्वजांचं खाणं एकाच साच्यातलं होतं, त्यांनी हा भाग जरूर वाचावा.

मला ज्यानं धरून ठेवलं ते मंडक. कणीक मऊ भिजवायची, हातावर पसरत न्यायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची. ही कृती वाचली आणि आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे, नजरेसमोर आले. चुलीवर खापर पालथं घालतात, बाई दोन्ही हातांच्या पंजांवर आणि मनगटांवर मांडा फिरवत मोठा करते आणि एका हिसक्यात खापरावर सोडते. लाटणं लागत नाही. अक्षय्य तृतीयेला, आम्ही आखाजी म्हणतो, आमरसाबरोबर हेच.

वाचल्यावर मी मावशीकडे जाऊन बसलो आणि कणीक कशी भिजवते ते नीट पाहिलं. सगळा खेळ भिजवण्यात आहे. कणीक इतकी तिंबायची की ओढली तर तुटू नये, ताणली जावी. गव्हातलं ग्लूटेन पाण्यानं आणि तिंबण्यानं साखळ्या धरतं, आणि मग झाकून ठेवलं की त्या साखळ्या सैलावतात. मावशी हे शब्द वापरत नाही, पण कणीक बोटांवर ओढून ती "झाली" म्हणते तेव्हा तेच तपासत असते. मी घरी साध्या तव्यावर, हातानं थापलेले छोटे मांडे केले. खापराचे ते खापराचेच, पण ही कणीक भिजवायची पद्धत मी आता रोजच्या पोळ्यांनाही वापरतो. पोळ्या रात्रीपर्यंत मऊ राहतात.


उत्तररात्र:

पऱ्हाटी, त्याच 'मानसोल्लास'मध्ये आणखी एक रत्न आहे. महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे. म्हणजे स्वयंपाकाची नोंद आणि स्वयंपाकामागच्या श्रमाची नोंद एकाच पुस्तकात.

त्यावरून माझी शिफारस. पुस्तक किंवा मालिका नाही, ऐकण्याची गोष्ट आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी पुण्याहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या थोड्या थोड्या प्रसिद्ध होतात, मूळ मराठी शब्द, गाणारणींचा आवाज आणि त्यांच्याविषयीची माहिती यांच्यासह. मी रात्री झोपण्यापूर्वी ऐकतो.

दळण हे पहाटेचं काम. अंधारात उठून घरभराला पुरेल एवढं पीठ काढायचं आणि मग दिवस सुरू. त्या वेळात बाई जे बोलू शकत नाही ते गाते: माहेर, भाऊ, लेकीचं लग्न, नवऱ्याचा राग, विठ्ठल, आंबेडकरही. होय, बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा स्वतंत्र मोठा संच आहे आणि तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उठून बसलो होतो. जातं ओढणारीचा दम कुठे लागतो ते आवाजात कळतं, कारण लय जात्याच्या फेऱ्याची असते.

ताटात काय आलं? भाकरीचं पीठ. पाकिटातलं बंद केलं. ज्वारी निवडून जवळच्या गिरणीत नेतो, थोडीच दळून आणतो. ताज्या पिठाची भाकरी थापताना कडा चिरत नाहीत, हा फरक कुणालाही पहिल्याच दिवशी कळेल. ज्वारीत ग्लूटेन नसतं. तिला धरून ठेवतो तो पिठातला स्टार्च, आणि पीठ शिळं झालं की त्याची चिकटण्याची ताकद जाते. जुनी माणसं "पिठाची विरी गेली" म्हणतात ते हेच. पीठ जुनं असलंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं.


निवडुंग:

उत्तररात्र, तुमच्यामुळे मला जे लिहायचं होतं त्याला वाट मिळाली.

'द ग्रेट इंडियन किचन' पाहिला का कुणी? २०२१चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक जिओ बेबी. नवीन लग्न झालेली मुलगी, मोठं घर, आणि स्वयंपाकघर. चिरणं, वाटणं, तळणं, वाढणं, उष्टी उचलणं, भांडी, पुन्हा चिरणं. संवाद कमी, आवाज जास्त. मोरीचा पाइप गळत असतो आणि दुरुस्तीला माणूस आणा असं ती किती वेळा सांगते. सुरुवातीच्या प्रसंगांत पदार्थ इतके सुंदर टिपलेत की भूक लागते, आणि तेच पदार्थ अर्ध्या तासानंतर पाहवत नाहीत. पदार्थ तेच, कॅमेराही तोच; फक्त आता आपल्याला माहीत असतं की ते करायला काय पडतं.

आमच्या ताटात काय आलं ते सांगते. ताट आलंच, पण ते उचलणारे हात बदलले. सिनेमा सगळ्यांनी एकत्र पाहिला. दुसऱ्या दिवसापासून जेवण झाल्यावर प्रत्येक जण आपलं ताट घासतो. भाषण करावं लागलं नाही.

याच्या जोडीला 'गुलाबजाम' पाहा, सचिन कुंडलकरांचा, २०१८चा. लंडनमधली नोकरी सोडून एक तरुण मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात येतो आणि डबे करणाऱ्या एका बाईच्या मागे लागतो. इथे स्वयंपाक शिकणारा पुरुष आहे आणि शिकवणारी बाई सहजासहजी शिकवायला तयार नाही. स्वयंपाक ही शिकायची, कमवायची विद्या आहे, बाईच्या अंगात ती जन्मतःच नसते, हे त्यात मला फार आवडलं.

आणि एक तक्रार, इथे मांडतेच. गावाकडच्या चुलीवरच्या स्वयंपाकाचे जे व्हिडिओ हल्ली लाखोंनी पाहिले जातात, त्यांत धूर कुठे जातो? स्वच्छ सारवलेलं अंगण, मोकळी हवा, हसरी आजी. माझी आजी बंद खोलीत फुंकणी घेऊन बसायची आणि खोकायची. घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीची चव हवी, मान्य. पण चूल फुंकणारीची फुप्फुसंही त्याच चित्रात दिसायला हवीत.


शिंपला:

निवडुंग, धुराबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तरी त्या व्हिडिओंची बाजू मला घ्यायचीच आहे.

छापील पुस्तकात "पीठ सैलसर भिजवा" असं लिहितात. सैलसर म्हणजे किती? त्या आज्या, त्या सासवा-सुना पीठ भिजवतात तेव्हा ते बोटांवरून कसं ओघळतं हे दिसतं. आमच्या कोकणातले घावन मी त्यांच्यामुळे पुन्हा करू लागले. आईनं हात दाखवला नव्हता, ती लवकर गेली. घावनाचं पीठ ताकापेक्षा थोडंच दाट हवं, तवा तापलेला हवा, आणि पीठ कडेपासून आत ओतत यायचं, डोशासारखं मधून बाहेर पसरवायचं नाही. हे मला एका अनोळखी आजीच्या मनगटाकडे बघून कळलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांचं ज्ञान पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या हातांतून नोंदवलं जातंय, त्यांच्या आवाजात. मला हे मोलाचं वाटतं.


निवडुंग:

शिंपला, हे पटलं. मनगट महत्त्वाचं. मग त्या आजीच्या मनगटाला मोबदला किती मिळतो हा पुढचा प्रश्न, पण तो दुसऱ्या धाग्यावर घेऊ.


फिरस्ता:

मी जरा बाहेरचं आणतो. 'सॉल्ट फॅट अ‍ॅसिड हीट', नेटफ्लिक्स, २०१८. समीन नुसरत या बाईंच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून केलेली, चारच भागांची. स्निग्ध पदार्थांसाठी इटली, मिठासाठी जपान, आंबटासाठी मेक्सिकोतला युकातान, आणि उष्णतेसाठी कॅलिफोर्निया. पाककृती जवळजवळ नाहीत. पदार्थ का जमतो आणि का फसतो, एवढंच.

आंबटाचा भाग पाहिला आणि मी कागद घेऊन आपल्याकडची आंबटं लिहायला बसलो. चिंच, आमसूल, कैरी, लिंबू, ताक, अंबाडी, आवळा, बिमली, करमळ, कच्ची करवंदं, चुका, बोरं. पान भरलं! युकातानवाल्यांची आंबट संत्री पाहून मी हरखलो होतो आणि माझ्या दोनशे मैलांच्या परिघात ही एवढी संपत्ती. शिवाय प्रत्येकाचं आंबटपण वेगळं. चिंचेत टार्टरिक आम्ल, ती रेंगाळते. लिंबात सायट्रिक, ते चटकन येतं आणि जातं. ताकात लॅक्टिक, ते गोलाई आणतं. आमसुलात हायड्रॉक्सीसायट्रिक, आणि वर तो रंग.

तेव्हापासून मी एक करतो. भाजी चाखल्यावर "काहीतरी कमी आहे" असं वाटलं की हात आधी मिठाकडे न जाता आंबटाकडे जातो. बहुतेक वेळा तेच कमी असतं. दुधीची भाजी, मुगाची आमटी, पालक, या सगळ्यांना शेवटी चार थेंब लिंबू. आणि वांग्याला आमसूल, हे आधी कधी केलं नव्हतं.


कासव:

फिरस्ता दादा, मग डाळ शिजवतानाच चिंच टाकली तर? मी वसतिगृहात राहतो, एकच कुकर आहे, सगळं एकदम टाकतो. डाळ दाताखाली येते.


फिरस्ता:

टाकू नकोस. आम्लामुळे डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं, विरघळत नाही, आणि डाळ टणक राहते. टोमॅटोचंही तेच. आधी डाळ हळद-हिंग घालून पूर्ण शिजव, घोट, मग चिंच किंवा आमसूल. छोल्यांना, राजम्याला तर हा नियम अगदी काटेकोर पाळ. आणि तुझ्याकडचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळेही हाच त्रास होतो. डाळ आधी तासभर भिजवलीस तर बराच फरक पडेल.


तांबडमाती:

तरुण मंडळींनो, जुन्या पाकपुस्तकांचा मी वेडा. थोडं त्यांच्याबद्दल.

१८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' आलं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र', त्यात हजार पाकक्रिया. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा', जी अनेक घरांत मुलीच्या लग्नात रुखवतावर ठेवली गेली. ही तिन्ही ओळीनं वाचली तर मराठी स्वयंपाकघराचा शंभर वर्षांचा प्रवास दिसतो, आणि मला त्यात सर्वांत रस आहे तो मापांमध्ये.

जुनी मापं शेर, तोळे, मासे. बारा माशांचा तोळा, तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. शेर तर गावागणिक बदलायचा. अशी मापं वापरायची तर घरात तराजू हवा, आणि प्रमाण पंचवीस पानांचं. एकत्र कुटुंब, मुदपाकखाना, पंगत. ओगले बाईंनी वाटी आणि चमचा घेतला. चार माणसांचं घर, दोन खोल्या, गॅस, सून नोकरीला जाणार. आईपासून लांब, बदलीच्या गावी राहणाऱ्या मुलीला वाटी-चमच्यानं स्वयंपाक शिकता आला. मला तर ही मोठी सामाजिक घटना वाटते.

वाळवणताईंनी जी गैरहजेरी दाखवली ती या तिन्ही पुस्तकांनाही लागू आहे, हे मान्य करायलाच हवं. पाटोळ्यांचं पुस्तक मी त्यांच्याच फळीवर, शेजारी ठेवलं आहे. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग'ही तिथेच. दुर्गाबाई जितक्या विदुषी तितक्याच सुगरण, आणि वेगवेगळ्या जातीजमातींच्या चुलींपाशी कुतूहलानं जाऊन बसणाऱ्या. त्यांच्या लिखाणात पदार्थ कुठून आला, कुणी सांगितला, याचं ऋण मानलेलं असतं. ते मला फार शिकवून गेलं. आता मीही वहीत कृती उतरवतो तेव्हा खाली सांगणाऱ्या बाईंचं नाव आणि गाव लिहितो.


रानजाई:

ज्याची वाट बघत होते तो धागा.

मला वाट दाखवली ती राहीबाई पोपेरे यांच्या मुलाखतींनी. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे त्यांचं गाव. शाळेत न गेलेल्या, पण गावठी बियाण्यांची बँक घरात उभी करणाऱ्या. २०२० साली पद्मश्री. त्या वालाच्या घेवड्याचे प्रकार सांगू लागल्या की ऐकत राहावं: रंग, आकार, कोणता कोणत्या महिन्यात, कोणता कशात. मुलाखत संपल्यावर मला एकच प्रश्न पडला, की माझ्या भाजीवाल्याकडे वर्षभर तेच ते दहा प्रकार का असतात?

मग पावसाळ्यात मुद्दाम स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून घ्यायला लागले. त्या पाड्यांवरून पहाटेच्या गाडीनं येतात आणि दहापर्यंत संपवून जातात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी, दिंडा. त्यांनाच विचारते कसं करायचं, आणि त्या अगदी आनंदानं सांगतात. फोडशीचा मुळाकडचा पांढरा भाग काढून टाका, माती असते. बारीक चिरून, भरपूर कांदा आणि भिजवलेली मुगडाळ. टाकळा अगदी कोवळा असेल तरच घ्या. भारंगी कडू, ती उकडून पाणी टाका.

आणि शेवळं! पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस मिळतात. सुरणाच्या कुळातलं, त्यामुळे घसा खाजतो. आत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांची दाटी असते. म्हणून शेवळांबरोबर त्या बायका काकडं विकतात, छोटी हिरवी आंबट-तुरट फळं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. शेवळाच्या आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, मग काकडांचा रस, वाटण, आणि सोडे किंवा डाळिंब्या. चव मटणाच्या जवळ जाते असं म्हणतात. माझ्या मते ती तिची स्वतःचीच आहे.

एक कळकळीची विनंती. फोटो बघून रानातून स्वतः काही तोडून आणू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन वनस्पतींतली एक विषारी असू शकते. ज्या बायकांच्या पिढ्या हे खात आल्या त्यांच्याकडून विकत घ्या, आणि भाव करू नका. डोंगर चढून आणलेली जुडी आहे ती.


शिंपला:

रानजाई, सोडे आणि शेवळं! तोंडाला पाणी सुटलं.

मीही एक पदार्थ घालते, अलिबागकडचा. बेने इस्राईल समाजाबद्दल वाचत होते. ज्यूंच्या धर्मनियमानुसार मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. तर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या समाजानं नारळाच्या दुधाला हाताशी धरलं. त्यांच्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा होतो: गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक, नारळाचं दूध आणि साखर, मंद आचेवर सारखं ढवळत आटवायचं, थापून वड्या. आणि मलिदा, म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं.

चीक आपल्याकडे कुरडयांसाठी काढतातच. यंदा आमच्याकडे कुरडयांचा चीक काढला तेव्हा मी त्यातला थोडा बाजूला ठेवला आणि हलवा केला. हात दुखेपर्यंत ढवळावं लागतं, गुठळी धरायला क्षणही लागत नाही. पण वडी तोंडात ठेवली की विरघळते, आणि तुपाशिवाय.


वाळवण:

किती दिलंत सगळ्यांनी! पुढच्या पावसाळ्यात काकडं शोधणार, आणि चिकाचा हलवा त्याआधीच. उत्तररात्र, ओव्या काल ऐकल्या, आईला फोनवर लावून दाखवल्या. ती त्यातली एक पुढे म्हणू लागली. मला माहीतच नव्हतं की तिला येतात. ती म्हणते तशी आता टिपून घेतेय.

पऱ्हाटी, तुमचं नाव पाहून विचारते, खानदेशी भरीत शहरातल्या गॅसवर होईल का? मध्यंतरी एका व्हिडिओत शेतात करताना पाहिलं, तेव्हापासून डोक्यात आहे.


पऱ्हाटी:

होईल ताई, फक्त धुराची चव येणार नाही हे धरून चाला. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकतात, त्या लगेच पेटतात, जाळ मोठा असतो आणि साल करपून आतला गर तसाच हिरवट राहतो. गॅसवर आच मध्यम ठेवा, वांग्याला तेल लावू नका, टोचे मारा, आणि सतत फिरवत साल पूर्ण काळी होऊ द्या. मग झाकून ठेवा, आपल्याच वाफेत मऊ होईल. साल हातानं काढा, नळाखाली धरू नका.

पुढचं महत्त्वाचं. मिक्सर नको. आमच्याकडे लाकडाची बडगी असते, त्यात गर ठेचतात, म्हणजे त्याचे धागे राहतात. तुम्ही परातीत लाकडी दांड्यानं ठेचा. हिरव्या मिरच्या आणि लसूण वेगळे भाजून ठेचून घ्या. तेलात शेंगदाणे, कांद्याची भरपूर पात, मिरची-लसूण, मग वांग्याचा गर आणि कोथिंबीर. हळद घालत नाहीत, टोमॅटो तर नाहीच. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ.

वांगी मात्र बघून घ्या. जांभळी, चकचकीत नकोत. जळगावकडची भरिताची वांगी फिकट हिरवी, मोठी आणि कमी बियांची असतात, हिवाळ्यात तुमच्याकडेही येतात. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं वाटलं की तेच घ्या. जड असेल तर बिया भरलेल्या असतात.